वॉरन माझ्याकडे बघत नाही

२२ फेब्रुवारी, रविवार

आज केस कापले. खांद्याखाली लोळणारे केस थेट कानापर्यंत आणले. कापणारी बाई म्हणाली, "नक्की ना हो? नाहीतर उद्या रडत याल." मी नाही रडले. घरी आले, शेगडीत लाकडं सारली आणि वॉरन येईपर्यंत सिंकपाशी उभी राहिले. चाळिशी उलटलेल्या बाईने, लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर, नवऱ्याची अशी वाट बघू नये. पण बघितली.

तो दारात आला. बुटांवरचा बर्फ झटकला. तिथूनच सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "कॉफी उरलीय का गं?"

एवढंच.

ही वही आमच्या जुन्या मैत्रिणीने, डॉटने, नाताळात दिली होती. "बोलायला कोणी नसलं की लिही," म्हणाली. मी हसले होते. घरात नवरा आहे, आणि नगर कार्यालयात माझ्या खिडकीसमोर कुत्र्यांचे परवाने काढायला अख्खं गाव येतं. बोलायला कोणी नाही असं कसं होईल? आज उघडली वही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

यंदा अठरा आणि एकोणीस एप्रिल बरोबर शनिवार-रविवारी आलेत. आमच्या नेमबाजीच्या शिबिराला याहून चांगला योग नाही, कारण आमची सगळी कथाच एकोणीस एप्रिलची. दोन दिवस लोकांना पॉइंट बावीसची रायफल कशी धरायची, श्वास कुठे थांबवायचा, नेम कसा घ्यायचा ते शिकवायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत सतराशे पंचाहत्तर सालच्या त्या सकाळची गोष्ट सांगायची. बॉस्टनहून इंग्लंडच्या राजाचे शिपाई दारूगोळा जप्त करायला निघाले आणि गावोगावचे शेतकरी, लोहार आपापल्या बंदुका घेऊन वाटेवर आले, ती सकाळ. शिकवणारे आम्ही सगळे फुकट राबणारे. वॉरनकडे लाल टोपी आहे, म्हणजे मैदानावर शेवटचा शब्द त्याचा. मला यंदा नारिंगी मिळाली, म्हणजे शिकाऊ.

जेवताना तो म्हणाला, "हॅनाचा भाग यंदा तू सांग."

"मी? चारचौघांत मला घाम फुटतो."

"फुटू दे. एप्रिलात थंडी असते."

"बारा वर्षं तू सांगतोयस. तुझ्या आवाजात ऐकायला लोक येतात."

"म्हणूनच पाठ कर म्हणतोय," तो मिठाच्या बाटलीला म्हणाला.

हॅनाचा भाग मला पाठच आहे. अ‍ॅक्टन गावच्या आयझॅक डेव्हिसची बायको. तो बंदुका बनवायचा. चार मुलं, चारही आजारी. पहाटे निरोप आला आणि त्याची माणसं अंगणात गोळा झाली. तो त्यांना घेऊन निघाला, थोडा पुढे गेला, आणि वळला. काहीतरी सांगायचं असल्यासारखा. पण म्हणाला एवढंच, "मुलांना नीट सांभाळ." दुपारच्या आत वाटेतल्या पुलावर पहिल्या गोळ्यांत तो गेला. नव्वदीला टेकल्यावरही हॅना लोकांना तेच सांगायची, की तो वळला होता, त्याला काहीतरी सांगायचं होतं.

मला दरवर्षी वाटतं, काय सांगायचं होतं? आणि दरवर्षी वॉरन तिथे जरा थांबतो आणि गर्दीतून मला शोधून काढतो. गेल्या एप्रिलात त्याने शोधलं नाही. मी पाणी वाटत होते, म्हणून असेल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉट वॉरनला तिच्या गाडीतून कीन शहरात घेऊन गेली. टार्गेटांच्या चौकटींसाठी प्लायवूड बघायला, असं तो म्हणाला. आठवडाभर तो म्हणतोय की ट्रकचा क्लच नीट लागत नाही. दुपारी परत आले ते प्लायवूडशिवाय, आणि त्याचा उजवा डोळा लालभडक.

"काय झालं?"

"भुसा गेला."

"प्लायवूड न घेताच भुसा?"

डॉटने एकदम माझ्या शेगडीचं कौतुक सुरू केलं. डॉट पेलेटियर एकाहत्तर वर्षांची आहे, तिच्याकडेही लाल टोपी आहे, आणि तिने आयुष्यात कुणाच्या शेगडीचं कौतुक केलेलं नाही.

संध्याकाळी मर्नाचा फोन आला. मी बोलून गेले, तो माझ्याकडे बघतच नाही, खांद्याकडे बघून बोलतो. बहीण ती बहीणच. म्हणाली, "कोणी बाई असेल."

"तो सगळा वेळ डॉटबरोबर असतो."

"मग काय झालं? डॉटला विचारून तर बघ, ती एका पायावर तयार होईल."

हसले. फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही.

८ मार्च, रविवार

मेपलचा रस उकळायला लागलोय. मागच्या छपरीत दिवसभर वाफ. पूर्वी या दिवसांत आम्ही दोघं मिळून कढईपाशी बसायचो आणि तो वाफेतून माझ्याकडे बघत राहायचा. मी विचारायची, "काय?" तो म्हणायचा, "काही नाही, पाक झालाय का बघतोय."

हल्ली त्याला एक घाणेरडी सवय लागलीय. कपात कॉफी ओतताना बोट आत धरतो. मी म्हटलं, "बोट शिजेल एक दिवस." तो म्हणाला, "माझंच बोट, माझीच कॉफी."

रात्रीच्या जेवणाआधी तो खुर्चीत बसला होता, तोंड शेगडीकडे. अचानक म्हणाला, "दमलीस आज."

"कशावरून?"

"तोंडावर दिसतंय."

"तोंड इकडे आहे, वॉरन. शेगडीत नाही."

तो मोठ्याने हसला. मग ते हसणं मध्येच तुटलं, आणि तो उठून लाकडं आणायला गेला. लाकडं भरपूर होती.

१५ मार्च, रविवार

मागच्या शेतात सराव. तो मला रांगेला द्यायचे हुकूम शिकवतोय, रायफली 'भरा', 'झाडा', 'थांबा'. शिकाऊ माणसाला हुकूम कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "आवाज पोटातून काढ. तू कुत्र्याचा परवाना देत नाहीयेस."

मग मी आडवी होऊन गोळ्या झाडल्या. बारा वर्षांपूर्वी त्यानेच शिकवलं होतं, तेच शब्द पुन्हा म्हणाला. नळीच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे त्या लोखंडी खुंटीवर, डोळा ठेव. टार्गेट धूसर होईल, होऊ दे. डोळा एका वेळी एकच गोष्ट नीट बघतो. आणि गोळी सुटली तरी लगेच सोडून देऊ नकोस. बोट तसंच दाबून धर आणि सांग, ती सुटली त्या क्षणी माशी कुठे होती.

"कुठे गेली?" त्याने विचारलं.

"तूच बघ ना. दुर्बीण गळ्यात आहे."

"मी बघून काय? मारणाऱ्यालाच ठाऊक असतं. सांग."

"जरा उजवीकडे."

"मग उजवीकडेच असेल."

त्याने स्वतः एकही गोळी झाडली नाही. खांदा दुखतो म्हणाला. त्याची जुनी रायफल भिंतीवर नाही, हे माझ्या आज लक्षात आलं. "शिबिराला दिली," म्हणाला, "पोरं वापरतील." वडिलांची रायफल होती ती. माझ्याशी बोलला नाही आधी. पूर्वी साधा कुदळीचा दांडा बदलायचा तरी मला विचारायचा.

२० मार्च, शुक्रवार

बर्फ उतरल्याबरोबर त्याने हॉलरनांच्या कुरणाची दगडी भिंत परत हातात घेतलीय. माती नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड बसवायचे. तेच त्याचं पोटापाण्याचं काम. दुपारी डबा द्यायला गेले आणि हाक मारण्याआधी रस्त्यावरच थांबले. तो डोळे मिटून काम करत होता. एक दगड मांडीवर घेऊन तो दोन्ही हातांनी फिरवत होता, कडा चाचपत होता, आणि मग त्याने तो भिंतीत ठेवला. बसला. हललाही नाही.

मला त्या दगडाचा हेवा वाटला. हे लिहायची लाज वाटते, पण ही वही कोण वाचतंय?

२६ मार्च, गुरुवार

पुन्हा कीन, पुन्हा डॉट, पुन्हा लाल डोळा. या वेळी भुशाचं नावही काढलं नाही.

मी भांडले. आधी ट्रकवरून सुरू केलं. क्लच ठीक आहे, मी स्वतः चालवून बघितला. मग रायफलीवरून. मग जे खरं होतं ते आलं.

"तुला माझा कंटाळा आलाय का?"

तो टेबलाच्या पलीकडे बसला होता. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नाही."

"मी पडद्यापाशी नाहीये."

"माहीत आहे, तू कुठे आहेस ते."

"मग इकडे बघून सांग ना! एकदा! सरळ माझ्याकडे बघ आणि सांग."

त्याने तोंड वळवलं. सरळ बघितलं. मी त्याचे डोळे बघत होते आणि त्यांत काहीच नव्हतं, रिकाम्या खुर्चीकडे बघावं तसं. मग तो उठून कोठारात गेला.

त्याने खोटं सांगितलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं.

५ एप्रिल, ईस्टर

डॉट जेवायला आली होती. हॅम जरा खारट झालं. वॉरन बाहेर गेल्यावर ती माझ्या हातातलं ताट काढून घेत म्हणाली, "शिबिर होऊ दे. मग बोला दोघं. एकदाचे बोला."

"कशाबद्दल?"

"माझी जीभ कशी आहे ठाऊक आहे ना तुला? ती आवरताना माझा जीव जातोय. जास्त विचारू नकोस."

म्हणजे आहे काहीतरी. डॉटला ठाऊक आहे आणि मला नाही. तो मला सोडून जाणार आहे, असं आज पहिल्यांदा शब्दांत मनात आलं. म्हणूनच मला सगळं शिकवून ठेवतोय का? भिंत बांधून निघून जातात तसं?

११ एप्रिल, शनिवार

चिखल. मैदानाच्या सावलीच्या बाजूला अजून बर्फाची एक पट्टी आहे. तळ्यात बेडूक ओरडायला लागले. आम्ही दोघांनी टार्गेटांच्या चौकटी उभ्या केल्या, फार न बोलता. तो खिळे ठोकतो तेव्हा आधी बोटाने जागा शोधतो. मी पकडून उभी होते, आमची डोकी जवळ होती. त्याच्या कॉलरला ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास येत होता. मी हलले नाही. त्याला वाटलं असेल, चौकट नीट धरलीय.

१८ एप्रिल, शनिवार. रात्रीच्या जेवणाआधी

क्रमाने लिहिते.

सकाळी वीस-पंचवीस लोक आले. दोन मुली घेऊन आलेला एक बाप, स्वतःची कॉफी घेऊन आलेली लाल जाकिटातली नर्स, आणि रेनी नावाची उंच टपालवाली, जिने आयुष्यात रायफल हातात धरली नव्हती. वॉरनने नियम सांगितले. शेवटचा नियम तो दरवर्षी टोपी काढून सांगतो.

"काहीही वावगं दिसलं तर ओरडायचं, 'थांबा!' कोणीही ओरडा. आज पहिल्यांदा रायफल बघितली असेल तरी. लाल टोपीवाला चुकत असेल तर त्याच्यावरही. सगळं जिथल्या तिथे थांबेल. तुम्ही कोण असं कोणी विचारणार नाही. आणि उगाच ओरडलात तरी मी आभारच मानीन."

"मी टपाल वाटते," रेनी म्हणाली, "कुत्र्यांवर ओरडायची सवय आहे."

"उत्तम," वॉरन म्हणाला. "आज मला कुत्रा समजा."

सगळे हसले. मीही. तो तिथे जसा असतो तसा घरी का नसतो, असं वाटलं.

प्रत्येक फेरीच्या आधी डॉट तिच्या लाल जाकिटात रांगेच्या त्या टोकाला उभी राही, मैदानावर नजर फिरवी आणि हात वर करी. मगच वॉरन हुकूम देई. पूर्वी असं नव्हतं, पूर्वी तो स्वतःच बघायचा. वयाबरोबर काळजी वाढली, असं मी समजले.

दुपारच्या जेवणानंतर वारा सुटला. लोक टार्गेटं बदलून परत रांगेत गेले. बापाच्या मुलींच्या टार्गेटाचा कोपरा फडफडत होता म्हणून मी स्टेपलर घेऊन मागे राहिले. डॉट धाकट्या मुलीपाशी गुडघ्यांवर बसून तिच्या कानांवरची टोपणं बसवत होती. त्या टोकाला नर्सने हात वर केला. तिला शौचालय कुठे ते विचारायचं होतं, हे नंतर कळलं.

मी वळले. पंचवीस मीटरवर वॉरन उभा होता आणि माझ्याकडे बघत होता.

खांद्याकडे नाही. खांबाकडे नाही. माझ्याकडे, सरळ, तोंडावर. किती महिन्यांनी! मला वाटलं, एवढ्या लोकांत याला शेवटी मी दिसले. मी हसले. खरंच हसले, स्टेपलर धरलेला हात थोडा वरही केला.

आणि तो पोटातून, स्वच्छ आवाजात म्हणाला, "भरा."

"थांबा!" रेनी ओरडली. "थांबा! पुढे बाई आहे! थांबा!"

मग सगळेच ओरडले. कुणी रायफलीला हात लावला नव्हता. बापाने दोन्ही मुलींचे हात आपल्या हातांखाली दाबून धरले होते. काही झालं नाही. काहीच झालं नाही.

वॉरनने मान जराशी वळवली, माझ्या शेजारच्या खांबाकडे. आणि मग त्याचा चेहरा असा झाला की त्याला धरायला मी धावले. पण तो आधी रेनीपाशी गेला. नियम तो नियम. "आभारी आहे," म्हणाला, "फार आभारी आहे." तिच्या डोक्याच्या बाजूला बघत. मग लाल टोपी काढून डॉटच्या हातात दिली. "मैदान तुझं."

"वॉरन—" डॉट म्हणाली.

"तुझं, म्हटलं ना."

उरलेला वेळ तो डॉटच्या गाडीत बसून होता. मी काचेवर टकटक केली, तर काच खाली न करता मान हलवली. आता कोठारात आहे.

माझ्याकडे बघून तो म्हणाला, भरा. मी हे उलटंसुलटं करून बघतेय. मला मारायचं त्याच्या मनात येणार नाही, एवढं मला ठाऊक आहे. मग मी त्याच्या लेखी इतकी कमी झालेय का, की समोर असून नसल्यासारखी?

डॉट जाताना म्हणाली, "उद्या ये. गोष्ट तुलाच सांगायचीय. तो येईल, मी आणीन."

१९ एप्रिल, रविवार

जेवणाच्या सुट्टीत मी झेंड्याच्या काठीपाशी उभी राहिले. लोक गवतावर, बादल्यांवर, गाड्यांच्या पायऱ्यांवर सँडविच घेऊन बसले होते. डॉट लाल टोपीत. वॉरन कुठे दिसला नाही.

मी सुरू केलं. घाम फुटला. आजारी मुलं सांगितली, पहाटेचा निरोप सांगितला, अंगणात जमलेली माणसं सांगितली. आयझॅक निघाला, थोडा पुढे गेला. "आणि तो वळला," मी म्हणाले. "काहीतरी सांगायचं असल्यासारखा."

तेव्हा तो दिसला. सगळ्यांच्या मागे, उघड्या डोक्याने उभा. झेंड्याच्या काठीकडे एकटक बघत होता, माझ्या डाव्या हाताला, पाऊलभर बाजूला.

मी थांबले. लोकांना वाटलं असेल, गोष्टीतच थांबायचं असतं. पुढचे शब्द मला ठाऊक होते. धाकट्या मुलीने विचारलं, "मग काय सांगितलं त्याने?" तेव्हा मी म्हणाले, "सांगितलं एवढंच, मुलांना नीट सांभाळ. बाकीचं राहिलं." 'बाकीचं राहिलं' हे गोष्टीत नाही. माझ्या तोंडून निघालं.

डॉटने लोकांना रांगेत नेलं. तो माझ्यापाशी आला.

"छान सांगितलंस."

"त्या काठीत एवढं काय होतं रे?" मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि रागही. "इतका वेळ बघत होतास तिच्याकडे."

"तिच्याकडे नाही. तुझ्याकडे."

मी काठीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"सरळ बघितलं की तू नसतेस, जोसी," तो म्हणाला. "मधोमध एक करडा डाग असतो. तू त्या डागात जातेस. बाजूला कुठेतरी बघितलं की कडेने येतेस. म्हणून काठीकडे बघत होतो. म्हणून पडदा, शेगडी आणि सगळं."

"केव्हापासून?"

"डावा दोन वर्षं. उजवा ऑक्टोबरपासून. कीनला डोळ्यात सुई देतात."

"डॉटला सांगितलंस."

"डॉटला गाडी चालवायला सांगितलं. तिने शिव्या घातल्या, टोपी उतरव म्हणाली. मी म्हटलं हा एप्रिल होऊ दे, तू मैदान बघ, मी हुकूम देतो. काल लाल जाकीट दिसलं, हात वर दिसला. मला वाटलं, डॉट." त्याने मान रांगेकडे वळवली. "ओरडली नसती ती टपालवाली, तर..."

"मला का नाही सांगितलंस?"

बराच वेळ तो काठीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत राहिला. तिकडे डॉटचा आवाज घुमला, मग बावीसच्या गोळ्यांचा तडतडाट झाला आणि विरला.

"सांगेन तेव्हा तुझ्या तोंडावर काय उमटतं ते मला बघायचं होतं," तो म्हणाला. "रोज ठरवायचो, आज नीट दिसली की सांगेन. टेबलापाशी तू म्हणालीस, सरळ बघून सांग. बघितलं तर खुर्चीत कोणीच नाही. कुणाला सांगणार?"

मी त्याचा हात धरला. दगडांनी खरखरीत झालेला.

"टपालवाली म्हणाली, काल तू हसलीस," तो म्हणाला. "मी भरा म्हणायच्या आधी."

"हो."

"का?"

"तू माझ्याकडे बघितलंस म्हणून."

त्याने दुसरा हात डोळ्यांवर ठेवला. आम्ही तसेच उभे राहिलो. सुट्टी संपून बराच वेळ झाला होता, पण आम्हाला कोणी हाक मारली नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

कीनला मी नेलं. डॉक्टरीण बाई सरळ बोलणारी आहे. गेलं ते येणार नाही, आहे ते सुयांनी टिकवता येईल, बहुतेक. कडा राहतील, म्हणाली. सुई देताना तो माझा अंगठा घट्ट धरून होता.

परत येताना मी म्हटलं, "डॉट गाडी कशी चालवते?"

"भयंकर. मला दिसत नाही तेच बरं."

मला अजून राग आहे. ऑक्टोबरपासूनचे सगळे दिवस आठवते आणि राग येतो. तो एकटाच सगळं उरकत होता आणि मी इथे बसून लिहीत होते, तो माझ्याकडे बघत नाही. मागची पानं वाचली. शेगडीकडे बघून 'दमलीस' म्हणाला, तो दिवस. वाचवत नाही.

वाफेतून बघायचा ते आता कधी होणार नाही. ते मला हवंच आहे. हवंच राहील.

२६ एप्रिल, रविवार

शिबिरवाल्यांचा निरोप आला, सप्टेंबरच्या शिबिरात गोष्टी वॉरनने सांगाव्यात, टोपी कुठलीही घालून. तो म्हणाला, "हॅना सोडून. हॅना आता तिची."

सकाळी न्याहारीला मी नेहमीसारखी त्याच्यासमोर बसले. मग उठले आणि खुर्ची सरकवून खिडकीच्या बाजूला घेतली, घड्याळाच्या भिंतीपाशी, उजेडात. त्याने विचारलं नाही, काय करतेस. मान फिरवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला.

"केस वाढलेत तुझे," तो म्हणाला.

"वाढलेत?"

"फेब्रुवारीत कापले होतेस ना? मला दुसऱ्या दिवशी दिसले. तू वाकून लाकडं उचलत होतीस तेव्हा. पण तोवर बोलायची वेळ निघून गेली होती. आता बोललो तर काल का नाही दिसले असं विचारशील, म्हणून गप्प बसलो."

"कसे दिसत होते?"

"मान दिसत होती. सगळी."

कॉफी गार होत होती. तो घड्याळाकडे बघत राहिला, बराच वेळ. किती वाजले ते त्याला दिसत नव्हतं. मी हलले नाही.